आतल्या माणसाची नक्कल

१

मी कंपनीत टाइमकीपर. कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हे ज्याला विचारायचं तो माणूस. आमची बाटल्यांची कंपनी चिंचवडच्या माळावर नवीन उभी राहिली होती आणि सत्तावन्न साली तिथे अजून कोल्हे भोंग्याला उत्तर द्यायचे. माझा विश्वास भोंग्यावर आणि खिशातल्या स्टॉपवॉचवर. भुताखेतांच्या गोष्टी मी सांगत नाही आणि कोणी सांगू लागलं तर घड्याळ बघतो.

नाटक माझ्या गळ्यात पडलं ते माझ्या इंग्रजीमुळे. मी इंटरपर्यंत शिकलो होतो आणि इंटरलाच अडकलो होतो, पण वासरांत लंगडी गाय शहाणी. वेल्फेअर ऑफिसर दौलतराव कामगारांच्या नाट्यस्पर्धेचा कागद घेऊन आले आणि म्हणाले, "अर्जुनराव, काहीतरी भारदस्त करू. साहेबाचं एखादं जुनं नाटक घ्या. पण साहेब जाऊन दहा वर्षं झाली, त्याचा वास येता कामा नये."

माझ्याकडे कॉलेजातलं एक पुस्तक होतं, तीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांचं. त्यातलं शेवटचं नाटक मी निवडलं. एक बडा उमराव आजारी होऊन खोलीत बंद आहे. कारभारी तेवढा आत जातो आणि बाहेर येऊन हुकूम सांगतो, "धन्यांची इच्छा अशी आहे." उमरावाची मुलगी ते मुकाट ऐकते. शेवटी दार उघडतात तर खोली रिकामी. धनी केव्हाच मेलेला असतो आणि कारभारी आपल्याच मनचं सांगत असतो.

हेच नाटक का निवडलं, असं त्यावेळी कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पात्रं कमी आहेत. खोटं बोलण्याची मला सवय होती.

२

आमचे आबा, म्हणजे वडील, त्रेचाळीस साली लढाईच्या कामावर फिटर म्हणून बसऱ्याला गेले. माझी धाकटी बहीण इंदू तेव्हा आठ वर्षांची होती. सेहेचाळीसच्या जानेवारीत त्यांच्या एका सोबत्याचं पत्र आलं. आबा तापाने गेले होते. ते पत्र मी दारातच वाचलं, आत आई मळवट भरून संक्रांतीच्या वाणाची तयारी करत होती. मी आत गेलो आणि म्हणालो, "आबा खुशाल आहेत."

एकदा म्हटल्यावर मागे कसं फिरायचं? आबा निरक्षर होते, त्यांची पत्रं तिथला कोणी कारकून लिहून देई. मग मीच कारकून झालो. डाव्या हाताने लिहायचं, ऑफिसच्या पत्त्यावर आलं म्हणून घरी न्यायचं आणि मोठ्याने वाचून दाखवायचं. ते का येत नाहीत याला कारण हवं, म्हणून मी त्यांना शिडीवरून पाडलं आणि त्यांचा डावा पाय मोडला. आई बावन्न साली गेली. हिरवं लुगडं, भरली ओटी, कपाळभर कुंकू. सवाष्ण म्हणून गेली, असं सगळी आळी म्हणाली. सहा वर्षं विधवा होती ती, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

तेव्हाच इंदूला सांगायला हवं होतं. पण तिने आईच्या कुंकवाचं विचारलं असतं तर मी काय तोंड दाखवणार होतो? उलट मी लिहून बसलो, "इंदूच्या लग्नाला मी येणार. कन्यादान माझ्या हातचं."

झालं. आता इंदू बावीस वर्षांची, कंपनीच्या पॅकिंगमध्ये बाटल्यांना गवत गुंडाळायला जाई, आणि येईल त्या स्थळाला सांगे, "आबा आल्याशिवाय नाही." निगडीच्या शाळेतल्या एका मास्तरांचं चांगलं स्थळ आलं होतं. माणूस सज्जन, इंदूलाही मनातून आवडलेला. त्यांनी संक्रांतीपर्यंत थांबतो म्हणून कळवलं. त्याच्या आत मला खरं सांगायचं होतं. मी रोज ठरवत होतो.

३

रूपांतर करताना उमरावाचे आबासाहेब झाले, किल्ल्याची चाकणजवळची गढी झाली. सगळं जमलं, एका जागी अडलं. इंग्रजीत ती मुलगी लग्न होऊन निघते तेव्हा बापाच्या दाराकडे ढुंकूनही पाहत नाही. आमच्या प्रेक्षकांनी चपला मारल्या असत्या! बाप खोलीत निजलेला आणि पोरगी नमस्कार न करता घर सोडते? म्हणून मी तिला बंद दारापुढे वाकायला लावलं. वाकली म्हणजे चार शब्द बोलणार. "आबा, पाय दुखतो का?" "आबा, मी यांच्या घरी सुखी होईन ना?" "आबा, येते मी." मग मागच्या प्रवेशांतही ती दाराशी येऊन बोलू लागली. मूळ नाटकात ते दार म्हणजे नुसतं लाकूड होतं. त्याच्याशी बोलणं मी सुरू केलं.

मुलीचं काम इंदूने घेतलं. कारभारी आमचे साताऱ्याकडचे हिंदुराव, भट्टीवर काम करणारे, आवाज भट्टीसारखाच. म्हातारा गडी रहाटणीचा दत्तोबा.

नकला कादरभाईंनी केल्या. कादरभाई खेडचे, स्टोअरमध्ये कारकून, अक्षर मोत्यासारखं. नक्कल म्हणजे ज्याची त्याची भाषणं वेगळी उतरवलेली वही. वर दुसऱ्याच्या बोलण्याचा शेवटचा तुकडा, खाली आपलं बोलणं. त्यांनी वह्या आणून दिल्या त्या मोजल्या तर एक जास्त.

"ही कोणाची?"

"आबासाहेबांची."

"अहो, आबासाहेब स्टेजवर येतच नाहीत. एक शब्द नाही त्यांना."

"तुमच्या यादीत नाव हाय ना, पयलंच," कादरभाई म्हणाले. "यादीत हाय त्याला नक्कल, असा आपला हिशोब. बाईंचं बोलणं टिपलं, खाली जागा सोडली. तुम्ही मागनं भराल म्हटलं."

मी वही उघडली. "आबा, पाय दुखतो का?" खाली तीन ओळींची कोरी जागा. पुढचं वाक्य, पुन्हा कोरी जागा. पानामागून पान. मला हसू आलं. कादरभाई मात्र शिस्तीचे. ज्याची वही त्याच्या जागी, म्हणून ती त्यांनी कॅन्टीनच्या मागच्या खोलीत खुर्चीवर नेऊन ठेवली. तालमी कॅन्टीनमध्ये होत आणि आमचं नाटकातलं दार म्हणजे त्या खोलीचंच दार. आत पॅकिंगचं गवत, एक मोडकी खुर्ची आणि वर हात जाईल एवढा झरोका. दुसरी वाट नाही.

४

तालीम पहिली पाळी सुटल्यावर, साडेतीन ते साडेपाच. पहिला अंक अठ्ठावीस मिनिटांचा. मी वेळ लावत असे, सवयच ती. चौथ्या दिवशी तो एकतीस मिनिटांचा झाला.

मी म्हटलं, रेंगाळतायत. दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. कोणी रेंगाळत नव्हतं. इंदू दारापुढे बसून म्हणे, "आबा, पाय दुखतो का?" आणि थांबे. सगळेच थांबत. हिंदुराव मान किंचित कलती करून उभे, दत्तोबा हातातला तांब्या तसाच धरून. मग इंदू मान डोलावून पुढचं वाक्य घेई. मी वेळ मोजली. नऊ सेकंद. पुढच्या वाक्यानंतर चौदा. कोणाचंही वाक्य चुकत नव्हतं आणि सगळे एकाच क्षणी पुन्हा सुरू होत.

तालीम संपल्यावर मी हिंदुरावांना विचारलं, "राव, तिथं थांबता कशाला?"

"थांबतोय कुठं?"

"इंदूच्या वाक्यानंतर."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मग काय आतल्या माणसाच्या बोलण्यावर बोलू? मधी तोंड घातलं तर तुम्हीच ओरडाल."

मला वाटलं, चेष्टा चाललीय. कारखान्यात टाइमकीपरची चेष्टा करणं हा सगळ्यांचा आवडता खेळ. मी दत्तोबाला गाठलं. दत्तोबा माळकरी माणूस, खोटं बोलायचा नाही.

"त्ये आतलं काम कुनाला दिलंया ओ?" त्यानेच मला विचारलं. "आवाज बारीक हाय, पन ग्वाड. परवा तर माज्या डोळ्यांत पानी आलं. फकस्त येवढंच, समद्यांसंगं च्या प्यायला भाईर येत न्हाई त्यो."

त्यांना ऐकू येतं आणि मला नाही? माझे कान शाबूत होते. त्याच दिवशी दूरच्या शेडमध्ये फुटलेली बाटली मी ऐकली होती.

सगळे गेल्यावर मी ती खोली उघडली. उन्हाची एक तिरीप गवतावर पडली होती. खुर्चीवर वही. आत एकही नवं अक्षर उमटलेलं नव्हतं, कोऱ्या जागा कोऱ्याच होत्या. पण ती उघडी, उलटी ठेवलेली होती, पाठ करणारा माणूस मधेच उठताना ठेवतो तशी. दुसऱ्या अंकाच्या पानावर. आम्ही त्या दिवशी तिथपर्यंतच आलो होतो.

५

घरी जाताना पवना ओलांडून रहाटणीच्या वाटेला लागलो की इंदू गप्प चालायची. त्या दिवशी ती बोलली.

"दादा, तुला एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"आबांना तू कधी आणलंस?"

माझे पाय थांबले. ती हसत होती, मी काहीतरी मोठं गुपित ठेवलंय आणि ते तिला कळलंय असं.

"मला आधी कळलंच नाही. मला आवाज कुठे आठवतोय त्यांचा? मग ते शिडीवरून पडल्याचं बोलले. खजुराच्या बागेतल्या त्या आंधळ्या उंटाचं बोलले. म्हटलं, हे तर पत्रातलं! म्हणाले, दादाला कळू देऊ नकोस, नाटकाच्या दिवशी समोर येईन."

आंधळा उंट. तो मी लिहिला होता. पन्नास साली, आई आजारी होती आणि तिला हसवायचं होतं म्हणून. बसऱ्यात तसा उंट नव्हता. आबांच्या तोंडात तो कधी आलाच नव्हता.

"इंदू, ते आबा नाहीत."

"मग कोण आहेत?"

आता सांगायचं होतं. पवनेकाठी आम्ही दोघंच होतो, त्याहून चांगली वेळ नव्हती. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "कोणीतरी चेष्टा करतंय. मी बघतो." ती हिरमुसली नाही. माझी कीव आल्यासारखं तिने माझ्या हातातली डब्याची पिशवी घेतली आणि पुढे झाली.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या आधीच मी त्या दाराला बाहेरून कडी घातली आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. खोली झाडून पाहिली होती, गवत हाताने चाचपलं होतं. तालीम सुरू झाली. इंदू दाराशी आली, बोलली, थांबली. मी लाकडाला कान लावला. बोलणं ऐकू आलं नाही. पण पावलं आली. गवतावरून कोणीतरी दाराकडे येत होतं. एक पाऊल पडत होतं, दुसरं घासत होतं.

आबा एकोणीसशे त्रेचाळीस साली दोन धड पायांनी बोटीवर चढले होते. आणि ते धड पायांनीच गेले. पाय मी मोडला होता, कागदावर.

मी दौलतरावांना सांगितलं, नाटक बंद करू. त्यांनी निमंत्रणं वाटली होती. "अर्जुनराव, ताप आहे का तुम्हाला?" ते म्हणाले आणि कपाळाला हात लावून पाहिला.

६

स्पर्धेआधीचा कंपनीतला प्रयोग रविवारी दुपारी चार वाजता होता. कॅन्टीनमध्ये कंपनीतली बायकापोरं धरून चारशे माणसं. नारळ फुटला, पहिली घंटा झाली. मी विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला. कुलूप मी सकाळीच काढलं होतं. शेवटी कारभाऱ्याने दार उघडायचं होतं ना. काढण्याआधी पुन्हा एकदा आत पाहून आलो. काही नव्हतं.

पहिले दोन अंक मी वेळ लावली नाही. हिंमत झाली नाही. लोक थांबण्याच्या जागी श्वास रोखून बसत, बायका पदराने डोळे पुसत. एका रिकाम्या दाराकडे बघून चारशे माणसं रडत होती आणि विंगेत मी एकटा बहिरा.

तिसऱ्या अंकाआधी इंदू नवरीच्या साडीत माझ्याजवळ उभी राहिली. कपाळाला मुंडावळ्या, चेहरा आनंदाने फुललेला. "आता येतील ते," ती कुजबुजली. तो चेहरा बघून मला सोसवेना. दुसऱ्या कोणाच्या हातून तिला कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे, एवढंच डोक्यात होतं.

"इंदू, आबा सेहेचाळीस सालीच गेले. पत्रं मी लिहीत होतो. सगळी."

ती हळूच म्हणाली, "आई?"

"आईला मी सांगितलं नाही."

"कुंकू लावून गेली ती, दादा."

"हो."

तिसरी घंटा झाली. मला वाटलं ती कोसळेल, ओरडेल, मला मारेल. मी ते सगळं सोसायला तयार होतो, खरं सांगतो, मला ते हवंच होतं. ती मुंडावळ्या सावरून म्हणाली, "मग आत कोण आहे?" आणि उत्तराला न थांबता स्टेजवर गेली.

७

दारापुढे ती वाकली. "आबा, येते मी," हे वाक्य होतं. ती ते बोलली नाही. गुडघे टेकून, दोन्ही हात लाकडावर ठेवून तिने विचारलं, "तुम्ही कोण?"

मी वहीत बघत होतो, उगाच. वहीत ते नव्हतं.

सगळं कॅन्टीन थांबलं. बराच वेळ. मग समोरच्या रांगेतल्या एकाने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या शेजारणीने. मग सगळ्यांनी. हिंदुराव आणि दत्तोबाही वळले. कादरभाई पडद्याच्या दोरीपाशी उभे होते, तेही. चारशे माणसं विंगेत उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत होती आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसतं कोडं होतं.

इंदू शेवटी वळली.

"आत दादा आहे," ती मला म्हणाली. "मग तुम्ही कोण?"

मी हसलो, असं मला आठवतं. "इंदू, अगं, मीच तर..."

आणि तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं. बारीक, गोड, थोडा नाकातला आवाज. आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येत नाही, म्हणून ओळखायला एक क्षण गेला. तो शांतपणे म्हणत होता, "इंदू, माझं चुकलं. आईच्या बाबतीत फार मोठं चुकलं. सांगायचं धाडस होत नव्हतं म्हणून आतून बोलत होतो."

हे मी म्हणायला हवं होतं. नेमकं हेच, याच शब्दांत. रात्रंदिवस माझ्या मनात होतं ते.

दार आतून उघडलं. ऊन मागून आल्यामुळे मला तोंड दिसलं नाही. माझा खाकी शर्ट दिसला, खिशावर गवताच्या काड्या. तो डावा पाय ओढत बाहेर आला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी ओरडलो, पडदा पाडा म्हणून ओरडलो, कादरभाईंच्या खांद्याला धरून हलवलं. त्यांनी वारा लागल्यासारखा खांदा झटकला आणि त्याच्याकडे बघून विचारलं, "अर्जुनराव, पाडू का?" त्याने मान हलवली.

पडदा पडला. इंदू त्याच्यासमोर उभी होती, गालांवर पाणी वाहत होतं. तिने त्याच्या दंडावर एक जोराची चापट मारली, लहानपणी मला मारायची तशी.

"इतकी वर्षं लावलीस सांगायला," ती म्हणाली. "चल, उद्या निगडीला जाऊन मास्तरांना होकार कळव. कन्यादान आता तुलाच करायचंय."